पाहुणे असेपर्यंतचा पूल

कैरो, ३ ऑक्टोबर १९९७

ती. मुतवल्लीमामांस,
इन्शिराहचा सलाम आणि हाताचं चुंबन.

मामा, अखेर आमच्या संशोधन मंडळात मला माणसांत धरलं. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या अहवालांना प्रस्तावना लिहिल्या. 'अरब जग आज एका वळणावर उभे आहे' हे वाक्य मी तेवीस वेळा तरी लिहिलं असेल, आणि ते बिचारं अजून त्या वळणावरच उभं आहे. आता मात्र खरं काम मिळालं. अरब देशांतल्या खेड्यांचा आर्थिक आणि राजकीय विकास किती झाला, ते मोजायचं. नऊ देश, साठ खेडी, आणि सगळ्यांना एकच प्रश्नावली, एकशे बारा प्रश्नांची. आमचे संचालक डॉ. इस्मत यांनी ती स्वतः तयार केली आहे आणि तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा ते कुणाला हलवू देत नाहीत.

इजिप्तमधली सात खेडी मी निवडली. सहा नियमानं निवडली. सातवं आपलं कफ्र अल-तूता मी मुद्दाम घातलं. का ते नीट वाचा. प्रत्येक देशात जे खेडं सगळ्यांत खाली येईल, त्याला देणगीदारांच्या निधीतून एक काम करून मिळणार आहे. मामा, पूल! एक्याण्णव साली कापसाच्या गाठींच्या ट्रॅक्टरखाली आपला पूल बसला, तेव्हापासून सगळं गाव खजुराच्या एका ओंडक्यावरून कालवा ओलांडतंय. दवाखाना पलीकडे, पोस्ट पलीकडे, आणि फोन पोस्टात. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहावं लागतं. वळशानं जायचं तर अकरा किलोमीटर, तेही गाढवगाडीच्या वाटेनं.

महिनाअखेरच्या आत आमचे दोघे जण येतील. प्रश्न सदतिसावा पुलाचा आहे. तुम्ही काही वाढवून सांगू नका, रडू नका. जे आहे ते सांगा, बास. तेवढ्यानं आपण शेवटचे येऊच.

माझा करार जूनमध्ये संपतो. हा अभ्यास नीट पार पडला तर कायम होईन असं वाटतं. मामी कशी आहे? तुम्ही कसे आहात?

तुमची,
इन्शिराह


कफ्र अल-तूता, २६ ऑक्टोबर १९९७

चि. इन्शिराह हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. मी उत्तम. तुझी मामी राणीसारखी बसून असते. अल्लाची कृपा.

तुझे दोघे जण येऊन गेले. एक टाय लावलेला लांबट तरुण आणि एक सर्दी झालेली मुलगी. ओंडक्यापाशी आल्यावर मुलीनं डोळेच मिटले. तेव्हा मी खुर्ची मागवली, आम्ही चौघांनी पाण्यात उतरून तिला खुर्चीसकट अलगद इकडे आणलं. तरुण स्वतः आला, पण चार पायांवर.

त्यांना म्हणे चाळीस घरी वेगवेगळं जाऊन विचारायचं होतं. मी म्हटलं, पोरांनो, हे काय वीज खात्याचं काम आहे का? पाहुण्यानं दारोदार फिरायचं आणि आम्ही बघत बसायचं? चाळीसच्या चाळीस जणांना मी आपल्या बैठकीत बोलावून घेतलं. बदक कापलं, तुपातलं पदरांचं फतीर केलं, कबुतरं भरली, मुलूखियाची भाजी तर होतीच. मग प्रश्न सुरू झाले.

पहिलाच प्रश्न ऐक. तो तरुण माझ्या गादीवर बसलेला, माझ्या बदकाची तंगडी त्याच्या हातात, आणि मला विचारतो, "तुमच्या कुटुंबाला पुरेसं खायला मिळतं का?" आता याला काय म्हणावं! मी म्हटलं, "बाळ, अजून एक तंगडी घे." त्यानं 'पुरेशाहून अधिक' असं लिहून घेतलं. पुढे विचारलं, स्थानिक समितीवर तुमचा विश्वास आहे का. समितीचे अध्यक्ष त्याच्याच पेल्यात चहा ओतत होते. मग विचारलं, निर्णय घेताना तुमचं म्हणणं ऐकलं जातं का. चाळीस जण एका सुरात "जातं!" म्हणून असे ओरडले की त्या सर्दीवाल्या मुलीच्या हातून पेन पडलं.

सदतिसावा आला. 'सर्व ऋतूंत सुरक्षितपणे कालवा ओलांडण्याची सोय आहे का?' इन्शिराह, ती मुलगी समोर बसली होती. कोरडी, धडधाकट, फतीर खात. तिला सांगायचं, की बाई, तुला आम्ही जिवाच्या धोक्यातून आणलं? आणि आता त्याच वाटेनं परत पाठवणार आहोत? असं कोणता यजमान बोलतो? मी म्हटलं, "आहे, अल्लाची कृपा." चाळीस माना डोलल्या.

एकशे बारापैकी एकशे बारा. तू लिहिलंस की जे खेडं खाली येईल त्याला पूल मिळणार. पोरी, मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. नापास झाला म्हणून कुणाला बक्षीस दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तुझी काहीतरी वाचण्यात गफलत झाली असेल. मी तुझं नाव खाली जाऊ दिलेलं नाही.

तुझा मामा,
मुतवल्ली


कैरो, १५ नोव्हेंबर १९९७

ती. मामांस सलाम.

मामा, तुम्ही काय करून ठेवलंत!

काल संगणकानं निकाल काढला. कफ्र अल-तूता पहिलं आलं. इजिप्तमध्ये नव्हे, नऊ देशांत. दुसऱ्या क्रमांकावर आखातातलं एक खेडं आहे, तिथल्या बसथांब्याला वातानुकूलन आहे. ते तुमच्यापेक्षा चौदा गुणांनी मागे.

मी धावत डॉ. इस्मत यांच्याकडे गेले. म्हटलं, साहेब, हे माझं आजोळ आहे, तिथे पूल नाही, ओंडका आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "किती लोकांना विचारलंत?" म्हटलं, विचारायचं काय, मी दर सुट्टीत त्याच ओंडक्यावरून घरी जाते. म्हणाले, "म्हणजे एक. इथे चाळीस आहेत. तुमची आठवण ही शास्त्रीय नोंद होत नाही, इन्शिराह." मग त्यांनी खिडकीतून नाईलकडे बघत सांगितलं की गेली अकरा वर्षं ते हेच शोधत होते. एक पैसा खर्च न करता झालेला विकास! सगळ्या अरब सरकारांना असा विकास हवा आहे आणि आजवर कुणाला तो सापडत नव्हता. ते शोधनिबंध लिहायला बसले आहेत. नाव 'कफ्र अल-तूता नमुना'.

आता एकच उपाय आहे. तुम्ही मंडळाला सहीचं पत्र पाठवा की उत्तरं आदरातिथ्यापोटी दिली होती. दोन ओळी पुरेत. हात जोडते.

आणि मामी दोन महिने झाले, एक निरोपसुद्धा का पाठवत नाही? नेहमी पत्राखाली स्वतःचा अंगठा तरी उठवते.

इन्शिराह


कफ्र अल-तूता, २ डिसेंबर १९९७

चि. इन्शिराह हिस आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. मामी उत्तम. अंगठ्याची शाई संपली आहे, दुसरं काही नाही.

तू म्हणतेस तसं पत्र मी लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहून झाल्याही. मग वाचून पाहिलं. त्याचा अर्थ असा होत होता की मुतवल्लीनं पाहुण्याला जेवू घातलं आणि त्याच्या तोंडावर खोटं बोलला, आणि सोबत एकोणचाळीस जणांना बोलायला लावलं. त्यातले तीन हाजी आहेत. पत्र चुलीत टाकलं. बैठकीतून शब्द गेला तो गेला, त्याच्यामागे धावायला मी काय कोंबडं सुटलेली बाई आहे?

शिवाय आता उशीर झाला आहे. आपल्या प्रांताच्या गव्हर्नरसाहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं, सोनेरी चौकटीत. ते घेऊन येणारा शिपाई ओंडक्यावरून घसरला. पण चौकट त्यानं वर धरली होती, काच शाबूत राहिली. बैठकीत समोरच लावली आहे. पलीकडच्या गावचे लोक येऊन बघून जातात आणि कपाळाला हात लावतात. त्यांच्याकडे पूल आहे, दवाखाना आहे, आणि चौकट आमच्याकडे!

विकास थांबलेला नाही हेही कळवतो. ओंडक्याला आम्ही दोरीचा कठडा बांधला.

तुझा मामा


कैरो, १० जानेवारी १९९८

ती. मामांस सलाम. रमजान मुबारक.

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. तुम्हाला रागावले आणि नंतर मी स्वतः काय केलं ते सांगते. निबंधावर डॉ. इस्मत यांच्या नावाखाली माझं नाव आलं आहे. मी ते येऊ दिलं. माझ्या कायम नेमणुकीचं पत्र टाइप होऊन त्यांच्या खणात पडलं आहे, परिषद झाली की सही होणार. रोज सकाळी ठरवते की आज नाव काढायला सांगायचं, आणि संध्याकाळी इफ्तारीचे खजूर खात घरी येते. मामा, मीही तुमच्याच बैठकीत वाढले, दुसरं काय.

पण आता प्रकरण हाताबाहेर गेलं आहे. ईदनंतर इथे परिषद आहे. नऊ देशांचे अभ्यासक येणार. आणि १९ फेब्रुवारीला, गुरुवारी, सगळ्यांना बसनं कफ्र अल-तूता दाखवायला आणणार आहेत. सोबत गव्हर्नरसाहेब. सव्वीस लोक. त्यांत एक मोरोक्कोचे गृहस्थ चांगले दीडशे किलोचे आहेत. त्यांना कोणत्या खुर्चीत घालून आणणार आहात?

इन्शिराह


कफ्र अल-तूता, २२ जानेवारी १९९८

लाडक्या इन्शिराहला मामी नबवियाकडून.

हे पत्र शेजारची फिक्रिया लिहितेय, तीच ती, शिवण शिकवते. मी बोलतेय. तुझा मामा मशिदीत गेलाय, तोवर उरकायचं आहे.

पोरी, अंगठ्याची शाई बिई काही संपली नाही. मी सप्टेंबरच्या बाराला ओंडक्यावरून पडले. डोक्यावर चीजची टोपली होती. टोपली वाचली, खुबा मोडला. तेव्हापासून अंथरुणावर. डॉक्टर म्हणतो हाड जुळलंय, पण आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येऊन व्यायाम करायला हवा, उन्हाळ्यापर्यंत केला नाहीस तर पाय असाच आखडून राहील. कशी जाऊ? गाढवगाडीतून अकरा किलोमीटर गेले तर उरलेली हाडंही मोडतील. दोनदा चौघांनी दाराच्या फळीवर घालून पाण्यातून नेलं. दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून कलमा पुटपुटत होत्या. मी म्हटलं, मी जिवंत असताना माझी मयत तिसऱ्यांदा काढायची नाही.

तुला कळवायचं नाही, अशी तुझ्या मामानं मला शपथ घातली. पोरगी काळजी करील म्हणे. स्वतः मात्र रात्रंदिवस तोंड पाडून असतो आणि कुणी विचारलं की "अल्लाची कृपा." त्या माणसाचं घर जळत असलं तरी हाच शब्द काढील. फिक्रिया म्हणते असं लिहू नये. लिही गं.

ती सर्दीवाली मुलगी माझ्या खोलीतही आली होती. विचारलं, "आरोग्यसेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" तिच्या नाकातून पाणी वाहत होतं. अशा पोरीपुढे कोण आपलं रडगाणं गाईल? मी म्हटलं, "समाधानी आहे, तू बडीशेपेचं गरम पाणी पी." तेव्हा मीसुद्धा गुन्हेगार आहे.

आता खरी गंमत सांगते. कालपासून कालव्यावर पूल बसवताहेत. लोखंडी, तुकड्यातुकड्यांचा, लॉरीतून आणलेला. निळा रंगही देताहेत. मला खिडकीतून दिसतो. मी इतकी रडले की उपास मोडतो की काय वाटलं. मग इंजिनियर चहाला आला. त्याचं नाव लमई. बिचारा साधा आहे, त्यानं खरं सांगून टाकलं. प्रांतात असा एकच पूल आहे. जिथे उद्घाटन असेल तिथे जातो, आणि फीत कापेपर्यंत त्यावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. फेब्रुवारीच्या वीस तारखेला इथून काढून दुसऱ्या गावी न्यायचा आहे, तिथे बावीसला फीत कापायची आहे. त्या पुलाची आतापर्यंत नऊ उद्घाटनं झालीत म्हणे.

म्हणजे पूल माझ्या खिडकीसमोर येणार आणि मी पायावर उभी राहायच्या आत जाणार. मी लिहिलं हे मामाला कळू देऊ नकोस.

खाली माझा अंगठा आहे. बघ, शाई किती आहे.


कैरो, १ फेब्रुवारी १९९८

ती. मामांस, ईद मुबारक.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नका, अंगठ्याच्या शाईवरून तुम्ही ओळखालच. मामीला एक शब्द बोललात तर बघा.

काल मी डॉ. इस्मत यांना सांगितलं की माझ्या मामीचा खुबा त्या सुरक्षित सोयीवर मोडला. ते म्हणाले, फार वाईट झालं, पण एक खुबा हा अपवाद आहे. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. काढलं. खणातलं टाइप केलेलं पत्रही त्यांनी माझ्यादेखत फाडलं. बसमधली माझी जागा टीव्हीच्या छायाचित्रकाराला दिली. मी जूनपर्यंत इथे आहे, पुन्हा प्रस्तावना लिहिते आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमचं वाटतं.

ऑक्टोबरपासून मी पत्रांतून विचारत आले, मामी कशी आहे, तुम्ही कसे आहात. आणि तुम्ही मलाही बदकाची तंगडी दिलीत. मामा, आई गेल्यावर मी तुमच्या घरात वाढले. मी तुमच्याकडे पाहुणी नाही. मला तरी खरं सांगायचं होतं.

आता मी काहीही विचारत नाही. एवढंच सांगते की तो पूल जाता कामा नये. मामीचा पाय तेवढ्यावर आहे. कसं करायचं ते मला सुचत नाही. चौतीस वर्षं गणित तुम्ही शिकवलंत.

इन्शिराह


कफ्र अल-तूता, २६ फेब्रुवारी १९९८

चि. इन्शिराह हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी रोज वाचतो. त्याचं उत्तर आज देत नाही, द्यायला जमेल तेव्हा देईन. आज फक्त काय घडलं ते लिहितो, कारण हातात वेळ थोडा आहे. घरी सव्वीस पाहुणे आहेत.

होय, अजून आहेत.

गुरुवारी ते आले. फीत कापली. गव्हर्नरसाहेब पूल ओलांडून आले, भाषण केलं, पूल ओलांडून गेले. त्यांना कुठेतरी दुसरी फीत होती. तुझे डॉ. इस्मत बैठकीत बोलले. म्हणाले, या गावाचं रहस्य काय? मी म्हटलं, आधी जेवण. जेवण झालं तोवर ऊन उतरलं. बस हॉर्न वाजवू लागली. लमई इंजिनियर पलीकडे लॉरी घेऊन, हातात पाना धरून उभा. तेवढ्यात मला उमगलं, इन्शिराह. पाहुणे अलीकडे आहेत तोवर त्याला पूल काढता येत नाही! दीडशे किलोचा मोरोक्कोवाला तो काय ओंडक्यावरून पाठवणार?

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा. माझ्या घरून कुणी पहिल्या दिवशी उठून गेलं तर मी उद्या गावाला तोंड कसं दाखवू?" नऊ देशांचे लोक, पण हे नऊच्या नऊ देशांना कळतं. येमेनच्या गृहस्थांनी लगेच बूट काढले.

तीन दिवस संपले तेव्हा हाजी शलबी उठले. म्हणाले, मुतवल्लीनं जेवू घातलं, मी काय मेलोय? त्यांच्यानंतर समितीचे अध्यक्ष. त्यांच्यानंतर फिक्रिया. गावात एकशे चाळीस चुली आहेत. मी फळ्यावर वेळापत्रक करून दिलं आहे, दिवसाला दोन घरं, म्हणजे अजून काही दिवस चिंता नाही. तुझे डॉ. इस्मत रोज सकाळी निघतो म्हणतात. परवा ते पुलापर्यंत पोचले होते, तर एका विधवेनं वाटेत पदर पसरला की माझं मीठ न खाता जाताय, मी गरीब म्हणून? मागे फिरले. टिपणवहीत त्यांनी लिहिलंय, 'नागरिकांचा सहभाग अतितीव्र'. गादीवरून उठायला आता त्यांना दोघे लागतात.

बावीस तारखेला दुसऱ्या गावी पूल नव्हताच. गव्हर्नरसाहेबांनी तरीही फीत कापली म्हणे, आणि टाळ्या पडल्या. लमईला वर रोज कळवावं लागतं, 'पाहुणे अद्याप गावात.' पलीकडे उन्हात उभा होता, चौथ्या दिवशी त्यालाही आत घेतलं. तोही आता पाहुणा आहे.

पाहुण्यांत सुदानच्या एक बाई आहेत, डॉ. बतूल. फारशा बोलत नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या सरळ मामीच्या खोलीत गेल्या, वही बाहेर ठेवून. तासाभरानं बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तर, आमच्याकडेही असा एक पूल आहे. फक्त आमचा हिरवा." मग म्हणाल्या, "नबवियाबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं?"

शनिवारपासून मामी जाते. एका बाजूला फिक्रिया, दुसऱ्या बाजूला डॉ. बतूल. पहिल्या दिवशी खुर्चीतून, सोमवारी पुलाच्या निम्म्यापर्यंत काठीवर. मध्ये उभी राहून तिनं खालच्या ओंडक्याकडे पाहिलं आणि त्याला एक अशी शिवी हासडली की मोरोक्कोवाल्यांनी ती वहीत लिहून घेतली.

तुझा मामा


कैरो, ७ मार्च १९९८

ती. मामांस सलाम.

वर्तमानपत्रात आलंय की कफ्र अल-तूतामध्ये अरब विकासाचं प्रदीर्घ चर्चासत्र चालू आहे आणि अभ्यासक तिथून हलायला तयार नाहीत. त्यांच्या बायकांचे फोन मला घ्यावे लागतात. डॉ. इस्मत यांच्या पत्नींनी विचारलं की हे किती दिवस चालेल. मी म्हटलं, एकशे चाळीस घरं आहेत.

त्यांच्या गैरहजेरीत मी एक गोष्ट केली. प्रश्नावलीचा कोरा कागद घेतला, मामीच्या नावानं भरला, सदतिसाव्यापुढे 'नाही' लिहिलं आणि संगणकात घातला. संगणकानं तो परत केला. म्हणे या गावाची उत्तरं पूर्ण झाली आहेत.

मामीचा पाय कसा आहे? तेवढं एक विचारते.

इन्शिराह


कफ्र अल-तूता, १५ मार्च १९९८

चि. इन्शिराह,

पाहुणे एकेक करून गेले. त्यांच्या घरी बकरी ईदची तयारी, नाइलाज होता. मोरोक्कोवाले रडले. डॉ. इस्मत काल गेले, नवा शोधनिबंध घेऊन, 'प्रदीर्घ आदरातिथ्य आणि विकास'. आता डॉ. बतूल तेवढ्या उरल्या आहेत. 'मला अभ्यास करायचा आहे' असं लमईच्या कागदावर लिहून त्या एकट्या राहिल्या. एक पाहुणा असला तरी पुरतं, असं लमईनं वर विचारून घेतलं आहे. पण त्यांनाही शुक्रवारी निघायला हवं, त्यांची आई आजारी आहे. शनिवारी पूल सुटेल.

आता तुझ्या पत्राचं उत्तर.

आम्ही बरे नाही, इन्शिराह. मामीचा पाय सुधारतोय, पण डॉक्टर म्हणतो अजून तीन महिने हवेत. ती जिना चढताना ओठ चावते आणि मी दिसलो की हसते. मी तर मुळीच बरा नाही. ती पडली तेव्हा मी पुढे चालत होतो. हाजी शलबी पलीकडून काहीतरी ओरडत होते, त्यांच्याशी मी बोलत होतो. टोपली डोक्यावर घेऊन ती मागून येतेय, हे मला ठाऊक होतं. मागे वळून हात दिला नाही. सहा वर्षं रोज तेच करत आलो, कधी काही झालं नव्हतं. पाण्याचा आवाज आला तेव्हासुद्धा आधी मला वाटलं, टोपली पडली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. 'सर्व क्षेम' लिहिलं की ते सांगावं लागत नाही, म्हणून लिहीत होतो. तुझी काळजी नको म्हणून नव्हे.

सदतिसाव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तुझ्या संगणकानं घेतलं नाही तर तू घे. खाली माझी सही करतो, आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांनीही परवाच्या शुक्रवारी मशिदीतून निघताना केली. कागद सोबत आहे. तीनही हाजींची सही सगळ्यांत वर आहे. तो कुठे पाठवायचा ते तुला कळेल. कुणी ऐकेल की नाही, मला माहीत नाही, आणि ऐकेल असं मी या वेळी म्हणणार नाही.

पण तो कागद पोचेपर्यंत पूल राहायला हवा. तू लिहिलंस की तू या घरात पाहुणी नाहीस. ते खरं आहे, म्हणूनच एवढं सगळं तुला लिहिलं. जूनपर्यंत तुला रजा मिळेल ती सगळी काढ आणि गुरुवारी ये. डॉ. बतूल जायच्या आत तू अलीकडे असायला हवीस. लमई पुलाच्या तोंडाशी वही घेऊन बसतो, प्रत्येकाला एकच विचारतो, "पाहुणे का?"

हो म्हण. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल.

तुझा मामा,
मुतवल्ली